पशुवैद्यकाची वाट : मुंबई इलाखा ते महाराष्ट्र, एका व्यवसायाची घडण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वैद्यक, वकिली आणि अध्यापन या व्यवसायांच्या इतिहासावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. पशुवैद्यकाचा व्यवसाय मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुतांशी निसटला. शेतीप्रधान समाजात बैलाचे आणि दुभत्या जनावराचे स्थान किती मोठे, हे सांगण्याची आवश्यकता नाही; परंतु त्या जनावरावर उपचार करणाऱ्याला समाजाने कोणते स्थान दिले, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. आज बारावीला जीवशास्त्र घेतलेला विद्यार्थी 'नीट'ची गुणपत्रिका हाती धरून पुढील वाटांची चौकशी करू लागतो, तेव्हा पशुवैद्यक हे त्याच्या यादीत बहुधा बरेच खाली असते. या व्यवसायात पुढे काय, नोकरी कोणाची, मान किती, स्वतंत्र दवाखाना चालेल काय, असे त्याचे प्रश्न असतात. हे प्रश्न नवे नाहीत. १८८६ मध्ये परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नाव नोंदविणाऱ्या तरुणापुढेही, निराळ्या शब्दांत का होईना, हेच प्रश्न उभे असणार. त्यांची उत्तरे काळानुसार कशी बदलली आणि कोणत्या बाबतीत बदललीच नाहीत, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शालिहोत्रापासून नालबंदापर्यंत

भारतीय परंपरेत पशुचिकित्सेला शास्त्राचा दर्जा होता. अश्ववैद्यकाचे प्रवर्तक म्हणून शालिहोत्राचे, तर हस्त्यायुर्वेदाचे कर्ते म्हणून पालकाप्याचे नाव घेतले जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्ष, अश्वाध्यक्ष आणि हस्त्यध्यक्ष यांची कर्तव्ये स्वतंत्र प्रकरणांत सांगितली आहेत. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य आणि पशू या दोहोंच्या चिकित्सेची सोय केल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पशुवैद्यकाच्या इतिहासाची सुरुवात येथूनच करण्याचा प्रघात आहे आणि तो अयोग्य म्हणता येत नाही. तथापि एक गोष्ट नजरेआड होऊ नये. ही ग्रंथपरंपरा प्रामुख्याने राजाच्या घोड्यांची आणि हत्तींची होती. कुणब्याच्या बैलाला त्यात फारसे स्थान नव्हते.

शालिहोत्र या नावावरूनच घोड्याच्या वैद्याला शालिहोत्री हा शब्द रूढ झाला. मराठ्यांच्या फौजेचे बळ घोडदळात असल्यामुळे पागेत घोड्याची दुखणी ओळखणारी आणि नाल ठोकणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या असत. गावपातळीवर मात्र गुराचे दुखणे घरातील जाणता माणूस, धनगर, गवळी किंवा डाग देणारा जाणकार यांच्याकडे जाई. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकत ही नावे महाविद्यालयातून आलेली नाहीत; ती गोठ्यातून आली आणि आजही पशुसंवर्धन खात्याच्या पत्रकांत तीच छापली जातात. लक्षणांचे निरीक्षण किती बारकाईने झाले होते, याची साक्ष ही नावे देतात.

या ज्ञानाची आणखी एक बाजू आहे. मेलेले जनावर ओढणे, सोलणे, कातडे कमावणे ही कामे जातिव्यवस्थेने महार, मांग, ढोर, चांभार अशा जातींवर लादली होती. जनावराच्या शरीराची आतून ओळख गावात कोणाला असेल, तर ती याच लोकांना. आधुनिक पशुवैद्यकाचा पाया शवविच्छेदनावर उभा आहे. परंतु ज्यांच्या हातांना ते काम परिचित होते, त्यांचा या शास्त्राच्या विद्यार्थ्यांत समावेश होण्यास दीर्घ काळ जावा लागला. मेलेल्या जनावराचा स्पर्श विटाळाचा मानणाऱ्या समाजात या व्यवसायाकडे प्रतिष्ठितांनी पाठ फिरविली असल्यास त्यात नवल वाटू नये. १९२७ च्या महाड परिषदेत मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडून देण्याचे आवाहन दलित समाजाला करण्यात आले. त्या आवाहनाचा विचार सामाजिक इतिहासात होतो तसा तो पशुवैद्यकाच्या इतिहासातही व्हावयास हवा. काळपुळीने मेलेल्या जनावराचे शव हाताळणाऱ्याच्या जिवाला असलेला धोका हा सर्वस्वी या लोकांच्याच वाट्याला आलेला होता.

घोडा, बुळकांडी आणि सरकार

युरोपात पशुवैद्यकाचे पहिले विद्यालय क्लोद बूर्झला याने फ्रान्समधील लियों येथे काढले. त्यास राजाज्ञा १७६१ मध्ये मिळाली. लंडनचे विद्यालय १७९१ मधील. लियोंच्या विद्यालयामागे गुरांच्या साथीची भीती होती, तर लंडनच्या शिक्षणावर प्रारंभी घोड्याचीच छाप होती. हिंदुस्थानात हीच दोन कारणे एकत्र आली. मात्र घोडा आधी आला आणि बैल बऱ्याच नंतर. १८६२ मध्ये पुण्यात लष्करासाठी पशुवैद्यक शाळा निघाली, तिचा हेतू घोडदळ व तोफखान्याच्या जनावरांची देखभाल हाच होता. पुढे १८७७ मध्ये संयुक्त प्रांतातील बाबुगढ येथे आणि १८८२ मध्ये लाहोरला शिक्षणाची सोय झाली. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स याने वायव्येकडील डेरा इस्माइल खान येथे 'सर्रा' रोगाच्या मुळाशी असलेला रक्तातील परोपजीवी शोधून काढला. जागतिक महत्त्वाचा हा शोधही घोडे आणि उंट यांच्या आजारावरचा, म्हणजे सैन्याच्या गरजेतूनच आलेला होता.

गुरांच्या साथींकडे सरकारचे लक्ष वेधले ते बुळकांडीमुळे. इंग्लंडमध्ये १८६५-६६ साली या रोगाने हाहाकार उडविला आणि बाधित जनावरे मारून टाकण्याचा कायदा तेथे करावा लागला. पाठोपाठ १८६९ मध्ये हिंदुस्थानातील गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी आयोग नेमण्यात आला. लष्करी पशुवैद्य हॅलन हे त्याचे अध्यक्ष होते आणि आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. इंग्लंडचा उपाय येथे अमलात आणणे अशक्यप्राय होते. गोवंशाविषयीची धर्मभावना आड येत होतीच. शिवाय ज्याची सारी शेती एका बैलजोडीवर चालते त्याचा बैल मारून टाकणे म्हणजे त्याला कायमचे कर्जाच्या खाईत लोटणे होते. परिणामी हिंदुस्थानातील पशुवैद्यकाला जनावरे मारण्याऐवजी टोचण्याची दिशा घ्यावी लागली. या देशातील पशुवैद्याची ओळख पुढील शंभर वर्षे 'टोचणारा' अशीच राहिली, तिचे मूळ येथे आहे.

त्याच सुमारास शेतकऱ्याची बाजू निराळ्या भाषेत मांडली जात होती. महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात वनखात्याने गायराने बंद केल्यामुळे गुरांची झालेली उपासमार हा एक ठळक विषय आहे. गुरांचे आरोग्य चाऱ्यापासून सुरू होते, ही जाण सरकारी अहवालांतही आढळते. परंतु फुले यांनी ती ज्याच्या गोठ्यात गुरे मरत होती त्याच्या बाजूने मांडली. वनखाते आणि पशुवैद्यक खाते ही एकाच सरकारची दोन अंगे होती, हे लक्षात घेता या तक्रारीचे महत्त्व वाढते.

परळचे महाविद्यालय

मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय २ ऑगस्ट १८८६ रोजी परळ येथे सुरू झाले. त्यामागे सरकारइतकाच, किंबहुना अधिक वाटा शहरातील दानशूरांचा होता. भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून १८३२ मध्ये मुंबईत पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल उसळली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांनी पांजरपोळ उभारला. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव देण्यात आले. याच रुग्णालयाच्या आवारात महाविद्यालय भरू लागले. घोडागाड्यांनी आणि बैलगाड्यांनी गजबजलेल्या मुंबईत रुग्णांची वाण नव्हती. दयाधर्म, व्यापार आणि सरकारी गरज यांचा असा संगम इतर प्रांतांत क्वचितच दिसतो.

पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे लष्करी पशुवैद्यक खात्यातून आलेले होते. महाविद्यालयाच्या आधीच, १८८२ मध्ये, त्यांनी हिंदुस्थानातील पशुवैद्यकशास्त्राचे त्रैमासिक सुरू केले होते. १८९१ मध्ये, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्लंडच्या रॉयल कॉलेजने पदक ठेवले; महाराष्ट्रात मात्र पशुवैद्यकांच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव कोणाला आठवत नाही. स्टील यांच्यानंतरही वरिष्ठ अध्यापक बराच काळ युरोपीय होते.

तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास 'जी. बी. व्ही. सी.' म्हणजे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचा पदवीधर ही उपाधी मिळे. नावात पदवीधर हा शब्द असला, तरी ती विद्यापीठाची पदवी नव्हती. शेजारच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडणारा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन येई आणि शहरात स्वतःची पाटी लावी. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या दाराशी पोहोचण्यास सहा दशके लागली. एकाच शहरात, एकाच काळात शिकणाऱ्या या दोन तरुणांच्या प्रतिष्ठेत पडलेले अंतर केवळ 'माणूस श्रेष्ठ, जनावर कनिष्ठ' या भावनेतून आलेले नव्हते. विद्यापीठाच्या मान्यतेत पडलेले हे अंतरही त्यास तेवढेच कारणीभूत होते.

परळ परिसराचे वैशिष्ट्य असे, की १८९९ मध्ये तेथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली आणि १९२६ मध्ये के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले. मनुष्याचे आणि जनावराचे वैद्यक हाकेच्या अंतरावर नांदू लागले. संशोधनाच्या बाबतीत महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली एक संधी मात्र हुकली. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इंपिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या नेतृत्वाखाली काम करू लागली. परंतु अत्यंत संसर्गजन्य रोगांवरील प्रयोगांसाठी वस्तीपासून दूर व थंड जागा हवी म्हणून ती १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलविण्यात आली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे मूळ असे पुण्यात आहे. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी मुक्तेश्वरला भेट दिली आणि १९२७ मध्ये एडवर्ड्स यांनी तेथेच शेळीच्या शरीरातून विषाणू पुनःपुन्हा नेऊन बुळकांडीची लस सिद्ध केली.

खात्यातील पायऱ्या

महाविद्यालयातून बाहेर पडलेल्याला वाट एकच होती : नोकरी. संस्थानिकांच्या पागा, ट्राम कंपन्यांचे घोडे आणि नगरपालिका यांत थोड्यांची सोय होई. बाकी सर्व नागरी पशुवैद्यक खात्यात. तेथे शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर इंग्लंडच्या रॉयल कॉलेजची सदस्यता असलेले अधिकारी असत, तर मुंबईचा पदवीधर पशुवैद्यक सहायक म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात रुजू होई. १९१९ च्या सुधारणांनी हे खाते प्रांतिक मंत्र्यांच्या हाती आले आणि हिंदी माणसांसाठी वरच्या जागा हळूहळू मोकळ्या होऊ लागल्या. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात पशुवैद्यकाचा सविस्तर विचार केला.

खाजगी व्यवसाय का रुजला नाही, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. डॉक्टरला पैसे देणारा वर्ग शहरांत तयार झाला होता. पशुवैद्याचा रुग्ण होता शेतकऱ्याचा बैल; त्याची किंमत ठरलेली असे आणि उपचाराचा खर्च त्या किमतीच्या जवळ गेला, की मालकाचा हिशोब चुकत असे. पैसे खर्च करण्यास तो नाखूष होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मुळात त्याच्या हाती रोख पैसाच नव्हता. साथ आली की नुकसान गावाचे, तालुक्याचे होई आणि टोचणी सर्व गुरांना झाली तरच तिचा उपयोग. अशा कामाचे मोल एकेकट्याकडून वसूल होऊ शकत नाही. पशुवैद्यक सरकारी राहिले याचे कारण या अर्थकारणात आहे. त्यातून पशुवैद्याला स्थैर्य मिळाले, परंतु बदली, दौरा, औषधांचा तुटवडा आणि लेखी अहवाल हेही त्यासोबत आले. गावकऱ्यांच्या दृष्टीने तो तलाठ्याप्रमाणेच सरकारचा माणूस होता. 'गुरांचा डॉक्टर' या संबोधनात जवळीक आणि किंचित उपहास दोन्ही मिसळलेले आहेत, त्याचा उगमही येथेच असावा.

स्वातंत्र्यानंतर या सरकारी यंत्रणेने जे साधले, त्याची नोंद पुरेशी झालेली नाही. १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. गावोगावची गुरे एकत्र करून, थंड ठेवलेली लस संपण्यापूर्वी टोचणे हे काम तालुक्याच्या पशुवैद्याने आणि त्याच्या हाताखालच्या माणसांनी वर्षानुवर्षे केले. देशातील शेवटची नोंद १९९५ मधील आहे. २०११ मध्ये हा रोग जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसरा रोग. देवीच्या निर्मूलनाचा उल्लेख शालेय पुस्तकांत येतो, बुळकांडीचा अभावानेच.

बैलाकडून दुधाकडे

विसाव्या शतकाच्या मध्यावर व्यवसायाचा गाभाच बदलला. १९३९ मध्ये म्हैसूर येथे भारतातील पहिले कृत्रिम रेतन झाले. मुंबईतील गोठे हलविण्यासाठी आरे दुग्ध वसाहत उभारण्यात आली. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे 'बाएफ' ही संस्था स्थापन केली आणि संकरित गायींचा प्रसार शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेला. आजवर 'रोगी' जनावर पाहणारा पशुवैद्य आता जनावराच्या उत्पादनाचाही विचार करू लागला. पदवीच्या नावात पशुवैद्यकाला पशुसंवर्धनाची जोड मिळाली, ती याच बदलाची खूण होय. दुधाचे पैसे आठवड्याला रोख येऊ लागले आणि त्यासोबत उपचारासाठी पैसे देणारा पशुपालक प्रथमच मोठ्या संख्येने निर्माण झाला. पश्चिम महाराष्ट्रात खाजगी पशुवैद्यक रुजले ते दुधामुळे; मुंबई-पुण्यात पाळीव कुत्र्या-मांजरांचे दवाखाने वाढले ते त्यानंतर.

शिक्षणाचाही विस्तार झाला. नागपूर (१९५८), परभणी (१९७२), उदगीर (१९८७) आणि शिरवळ (१९८८) येथे महाविद्यालये निघाली. कृषी विद्यापीठांच्या छत्राखाली असलेली ही महाविद्यालये २००० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आली.

उपचाराचा अधिकार कोणाचा

१९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाने पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्य असे प्रमाण सुचविले होते. २०१९ च्या पशुगणनेत देशातील पशुधन सुमारे ५३.५८ कोटी होते. पदवीधरांची संख्या या आकड्याला पुरी पडणे शक्य नव्हते. १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे आलेल्या दवाखान्यांत म्हणून दोन श्रेणी राहिल्या : एकीत पदवीधर पशुधन विकास अधिकारी, दुसरीत पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक. खेड्यातील पशुपालकाला रात्रीअपरात्री भेटणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या श्रेणीतला.

पशुवैद्यक हा राज्यसूचीतील विषय असल्याने भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ हा संसदेने काही राज्यांच्या विनंतीवरून केला आणि इतर राज्यांना तो स्वतंत्रपणे स्वीकारावा लागला. महाराष्ट्रात तो १९९७ मध्ये लागू झाला. नोंदणीकृत पदवीधरावाचून कोणी पशुवैद्यक व्यवसाय करू नये आणि पदविकाधारकाने पदवीधराच्या देखरेखीखाली केवळ किरकोळ पशुवैद्यकीय सेवा द्याव्यात, असा त्याचा आशय. शास्त्राच्या दृष्टीने हा दंडक योग्यच आहे. प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराचा परिणाम दुधातून माणसापर्यंत पोहोचतो, हे आज कोणी नाकारणार नाही. परंतु ज्या गावात पदवीधर पोहोचतच नाही, तेथे हा दंडक पशुपालकाला एकतर बेकायदा उपचाराकडे किंवा उपचाराच्या अभावाकडे ढकलतो. पदवीधर आणि पदविकाधारक यांच्यातील वाद दोन संघटनांच्या हितसंबंधांचा म्हणून पाहिला जातो. शालिहोत्र्याने सोडून दिलेल्या बैलाचाच हा प्रश्न पुन्हा एकदा उभा राहिला आहे, असेही म्हणता येईल.

स्त्रियांचा प्रवेश

जनावर आवरण्यास बळ लागते, या समजुतीने स्त्रियांना या क्षेत्रापासून दूर ठेवले. ब्रिटनमध्ये एलीन कस्ट यांनी शिक्षण पूर्ण करूनही रॉयल कॉलेजने त्यांना सदस्यत्व दिले ते १९२२ मध्ये. भारतातील पहिल्या स्त्री पशुवैद्यांपैकी एक, डॉ. सक्कुबाई रामचंद्रन, १९५२ मध्ये मद्रासच्या महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. वस्तुतः गोठ्यातील शेण-पाणी, धार आणि आजारी वासराची शुश्रूषा हे काम घरोघरी स्त्रियाच करीत आल्या आहेत. जनावराने चारा टाकल्याचे प्रथम त्यांच्याच लक्षात येते. पशुवैद्य स्त्री गोठ्यात येते, तेव्हा दुखण्याची हकीकत पुरुषामार्फत न येता थेट तिच्यापर्यंत पोहोचते. व्यवसायाच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही.

आजची चौकशी

सध्या पदवीचा काळ एका वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे आणि देशभरातील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. सरकारी दवाखाना, दूध संघ, कुक्कुटपालन, लसनिर्मिती, लष्कराचे पशुवैद्यक दल, प्राणिसंग्रहालय, संशोधन, शहरातील खाजगी रुग्णालय अशा वाटा विद्यार्थ्यापुढे आहेत. १८८६ च्या तरुणापुढील एकाच वाटेशी तुलना करता हा विस्तार मोठाच म्हणावा लागेल. मात्र माहितीपुस्तिकांत न छापल्या जाणाऱ्या गोष्टीही चौकशी करणाऱ्याने विचारून घ्याव्यात : वार अडकलेल्या गायीला हात घालताना होणारा ब्रुसेलोसिसचा संसर्ग, पिसाळलेल्या जनावराची लाळ, म्हशीची लाथ, पावसाळी रात्रीचा कच्चा रस्ता.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाची साथ आली. गोवंशात पसरलेल्या या रोगावर शेळ्यांच्या देवीची लस वापरण्यात आली. बैलपोळ्याच्या सुमारास गुरांचे बाजार बंद झाले, बैलांच्या मिरवणुकांवर निर्बंध आले आणि गावोगावी लसीकरणाची पथके फिरू लागली. त्या पथकांत पदवीधर अधिकारी होते, पदविकाधारक पर्यवेक्षक होते, खाजगी व्यवसायी होते आणि आंतरवासितेतील विद्यार्थीही होते.